आधी आवाज, मग वस्तू

माझी नात घरी आली त्या दिवशी मी तिच्या कानाशी काशाचं ताट वाजवलं. वाजवलं म्हणजे चांगलं दणकून, लाटण्यानं. आमच्या घरात ही जुनी रीत आहे. बाळंतीण लेकराला घेऊन आली की तिला उंबऱ्यावर थांबवायचं, ताट वाजवायचं आणि लेकरू दचकतं का ते बघायचं. दचकलं तर भित्रं निघणार, नाही दचकलं तर धीट. माझ्या मुलाच्या वेळी माझ्या सासूबाईंनी वाजवलं होतं, तेव्हा तो असा किंचाळला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, असं आमचे हे अजून सांगतात. त्यातला म्हशीचा भाग खोटा आहे. सासूबाईंच्या आधी त्यांच्या सासूबाईंनीही वाजवलं असणार. मधल्या काळात आमच्या लोकांनी धम्म घेतला, देव्हारे गेले, नवस गेले, अंगारे-धुपारे गेले. हे ताट तेवढं कसं कोण जाणे मागे राहून गेलं.

नात दचकली नाही. डोळे मिटून, ओठ चोखत तशीच झोपून राहिली. मी पुन्हा वाजवलं, आणखी जोरात. ढिम्म हलली नाही. मग काय विचारता! "पोट्टी वाघीण हाय, वाघीण!" असं मी गल्लीभर सांगत सुटले आणि पेढे वाटले. समोरच्या किराणा दुकानातल्या शेठजींनी एकाऐवजी दोन पेढे उचलले आणि म्हणाले, "बाई, ही कलेक्टर होते पाहा."

ज्या गोष्टीनं पोटात गोळा यायला हवा, त्या गोष्टीचे आम्ही पेढे वाटले. असं दुसऱ्या कुठल्या घरात झालं असेल तर मला माहीत नाही.

मी प्राथमिक शाळेची मास्तरीण. आमच्या वाशीम जिल्ह्यातच नोकरी झाली, बरीच वर्षं रिठदकडच्या एका शाळेत, आणि निवृत्त झाल्यावर शेलूबाजारला, नवऱ्यानं बांधलेल्या घरात येऊन बसले. घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. मुलाचं बाजारात मोटारी भरायचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी तो दुरुस्त करतो. सून मंगरूळपीरला सरकारी कचेरीत कारकून. ती रोज सकाळी जीपनं जाते आणि संध्याकाळी जीपनंच येते. तेव्हा लेकरू दिवसभर माझ्या आणि ह्यांच्या हवाली. मला वाटायचं, पोरगी किती गुणाची! झोपली की झोपली. कुकरच्या शिट्ट्या होवोत, टीव्हीवर लोक भांडोत, ती उठायची नाही. शाळेत आयुष्यभर "गप्प बसा, आवाज नको" म्हणत घसा कोरडा केलेल्या बाईला असं लेकरू मिळालं तर ती तक्रार कशाला करेल?

सुनेनं ओळखलं. पोरगी तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. एका रविवारी दुपारी हायवेवर एका ट्रकचा टायर फुटला. बॉम्बच पडला म्हणून आम्ही सगळे अंगणात धावलो, आमचे हे तर एका पायात चप्पल घालून. परत आत आलो तर पोरगी आपली फरशीवर बसून चमचा वाटीत घालतेय, काढतेय. मान वर केलेली नाही. सून दारातच थांबली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"आत्याबाई," ती म्हणाली, "इले आयकू येत नाई."

मी तिच्यावर खेकसले, काहीबाही बोलू नको म्हणून. मग आम्ही दोघी पोरीच्या मागे जाऊन बसलो. सुनेनं तिला हाक मारली. हळू मारली, मोठ्यानं मारली, शेवटी रडत मारली. चमचा वाटीत जात होता, बाहेर येत होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दिवस आठवायला मला आवडत नाही. अकोल्याला तपासणी झाली. कानाच्या आतला जो भाग आवाज पकडतो तो जन्मापासून कामच करत नव्हता. मग नागपूरला ऑपरेशन झालं. एवढ्याशा डोक्यावर पट्टी पाहून मुलगा दवाखान्याच्या जिन्यात जाऊन बसला आणि बराच वेळ वर आला नाही. जखम भरल्यावर बाहेरचं मशीन लावायचं होतं. कानामागे अडकवायचा एक तुकडा, आणि त्याला वायरीनं जोडलेली एक चकती, ती केसांतून डोक्याला चुंबकानं चिकटते. ते चालू करायच्या दिवशी आम्ही सगळे नवे कपडे घालून गेलो होतो. मोबाइलवर असे व्हिडिओ पाहिले होते ना! मशीन चालू होतं, लेकरू आईचा आवाज ऐकतं, हसतं आणि सगळे रडतात.

आमच्या पोरीनं मशीन चालू होताच भोकाड पसरलं आणि ते उपटून फेकून दिलं. रडलो मात्र आम्ही सगळे ठरल्याप्रमाणे.

तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडम शांत होत्या. तरुण मुलगी, माझ्या सुनेच्या वयाची. त्या म्हणाल्या, "तिला हा आवाज आहे हेच माहीत नाही. तिच्या दृष्टीनं डोक्यात नुसती खळबळ चालू झालीय. मशीन आवाज आत पोचवतं, त्याचा अर्थ घरच्यांनी लावून द्यायचा." आणि मग त्यांनी रीत सांगितली. आवाज झाला की आपल्या कानाला बोट लावायचं आणि "ऐक!" म्हणायचं. थांबायचं. तिला शोधू द्यायचं. मग तिला नेऊन दाखवायचं की हा आवाज कशाचा. आधी आवाज, मग वस्तू. उलटं करायचं नाही. वस्तू आधी दाखवली तर ती डोळ्यांनी शिकेल, आणि डोळे तर तिचे आधीच तयार आहेत.

"किती दिवस?" मुलानं विचारलं.

"ती ऐकायला आणि बोलायला लागेपर्यंत," मॅडम म्हणाल्या. "लहान वयात डोकं आवाजाला जागा करून देतं. उशीर झाला तर ती जागा दुसऱ्या कामाला जाते. आत्ताचे महिने फार मोलाचे आहेत."

परतीच्या वाटेवर पोरगी सुनेच्या मांडीवर झोपली होती आणि मशीन माझ्या पर्समध्ये होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. मास्तरकी अंगात मुरलेली असते, ती पेन्शन सुरू झाली म्हणून जात नाही. पहिला हुकूम सोडला तो टीव्हीवर. मॅडमनी सांगितलं होतं की मागे सतत गोंगाट असला तर तिला कुठलाच आवाज वेगळा काढता येणार नाही. आमचे हे बातम्या अशा लावतात की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही देशाची खबर मिळावी. मी सरळ प्लग काढला. "आता बातम्या पेपरात वाचा," म्हटलं. मोठा तमाशा होईल असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "बरं हाय, तसंबी तेच तेच सांगून राह्यले," आणि चष्मा शोधायला गेले. हा माणूस बातम्यांवाचून जेवत नसे. त्यांचं ते एक वाक्य मी कधी विसरणार नाही.

टीव्ही बंद झाला आणि घर एकदम उघडं पडलं. पोरीला ऐकवायला आवाज हवेत म्हणून मी कान टवकारून फिरू लागले आणि मला कळलं की ह्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण ते कधी ऐकलंच नाही. फ्रिज बंद होताना अंगाला झटका देतो. पत्र्यावर पारवे चालतात त्यांच्या नखांचा आवाज येतो. टाकी भरत आली की पाण्याचा सूर बारीक होत जातो. आमच्या ह्यांची डावी चप्पल घासते, उजवी नाही. दूधवाल्याच्या कॅनचं झाकण, तुरीची शेंग वाळून तडकते तो आवाज, गरम तव्यावर पडलेला पाण्याचा थेंब. एकेक आवाज सापडला की मला वाटाणे सोलताना एखादी भरगच्च शेंग लागावी तसा आनंद व्हायचा. पोरीला काखोटीला मारून मी त्याच्याकडे धावायचे. कानाला बोट, "ऐक!" थांबायचं. मग वस्तू.

मी तिच्याशी पुस्तकातलं बोलायचे. "ऐक बाळा, हा पाण्याचा आवाज आहे. पाणी बादलीत पडत आहे." शिक्षिकेची नात, तिच्या कानात शुद्ध मराठीच पडली पाहिजे ना! आमचे हे आतून विचारायचे, "काहून वं, घरात रेडिओ लावला का?" मॅडमनी खरं तर सांगितलं होतं की घरी बोलता तेच बोला, सगळ्यांशी बोलता तसं. पण नातीपुढे उभी राहिले की माझ्या तोंडून आपोआप पाठ यायचा.

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. कानाला बोट लावून लेकराला घेऊन पळणारी म्हातारी दिसल्यावर लोक विचारणारच. मी काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. आणि इथं मला ज्यांचे उपकार मानायचे आहेत ती माणसं येतात.

पहिले समोरचे शेठजी. जैन माणूस, पहाटे अंघोळ, पाठ, मग दुकान, घड्याळ त्यांच्यावर लावावं. त्यांच्या दुकानाचं शटर जुनं, वर जाताना सगळ्या गल्लीला उठवतं. एका सकाळी मी पोरीला घेऊन पोचले तोवर शटर वर गेलेलं होतं. माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. "एवढंच ना?" म्हणून त्यांनी उघडलेलं दुकान परत बंद केलं! मी पोरीला पाठमोरी धरली. शटर घर्रर्र करत वर गेलं. "ऐक!" थांबले, मग वळवून दाखवलं. पोरीचं लक्ष माझ्या बोटाकडे. शेठजी म्हणाले, "बाई, अजून एक खेप," आणि पुन्हा खाली ओढलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक धापा टाकत आलं. भर सकाळी उघडलेलं दुकान बंद होताना दिसलं म्हणजे काहीतरी वाईट झालं असणार. त्यानं कापऱ्या आवाजात विचारलं, "कोन गेलं, शेठजी?"

"कोनी नाही गेलं," शेठजी म्हणाले. "पोरीले शटर आयकवून राह्यलो."

त्यानंतर शेठजी रोज आमची वाट बघत. बाहेर गिऱ्हाईक उभं असलं तरी आमच्या फाटकाची कडी वाजल्याशिवाय शटरला हात लावत नसत. मंगरूळच्या जीपवाल्यांनीही तेच केलं. सुनेला सोडायला मी पोरीला घेऊन थांब्यावर जायचे. "मंगरूळ, मंगरूळ, मंगरूळ!" असा त्यांचा गजर चाललेला असायचा. एकानं सगळ्यांना हात करून गप्प केलं आणि म्हणाला, "आजी, तुमी सांगा, मंग मी एकटाच वरडतो." आणि खरंच, मी पोरीला पाठमोरी धरून मान हलवली की तो पठ्ठ्या एकटाच ओरडायचा, बाकीचे ओळीनं गप्प उभे. जीपवाल्यांना गप्प उभं केलेलं शेलूबाजारनं त्याआधी पाहिलं नसेल. विहारातल्या बायका संध्याकाळी वंदना सुरू करायच्या आधी मागे वळून बघायच्या, पोरगी आली का. कोणाला मी पैसे दिले नव्हते की कोणी माझं काही देणं लागत नव्हतं. नुसता आवाज मागितला आणि लोकांनी ओंजळी भरून दिला.

पण पोरगी काही वळत नव्हती. मशीन आता काढून फेकत नव्हती एवढंच. शटर वाजो, जीपवाला ओरडो, ती माझ्या बोटाकडे बघायची आणि मग मी वळवीन तिकडे. मला तर शंका यायला लागली की हिला वाटतंय, कानाला बोट लावणं हाच म्हातारीचा खेळ आहे.

ती वळली तो आवाज मी तिला कधी ऐकवलाच नव्हता. सकाळी मी चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापत होते. पोरगी माझ्या मागे, दाराकडे तोंड करून डब्यांशी खेळत होती. थप, थप, थप. काही वेळानं मला मानेवर कोणी बघतंय असं वाटलं. वळून पाहिलं तर डबे सोडून पोरगी माझ्या हाताकडे बघत उभी. मी थापायचं थांबवलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी परत एक थाप मारली. ती हसली. मी पुन्हा थांबले, पुन्हा मारली, ती पुन्हा हसली. त्या दिवशी आमच्या घरी भाकरी झाल्या नाहीत, कारण ते पीठ मी थापत राहिले आणि त्याचा पार पापड झाला. मुलानं दुकानातून वडापाव आणला. तो खाताना त्याला हुंदका आला आणि त्यानं मिरची लागली असं सांगितलं.

मग एकेक आवाज तिच्या ओळखीचा होत गेला. शटर, कडी, कुकर, टाकी. नावानं हाक मारली की वळू लागली. "ऐक!" म्हटलं की स्वतःच कानाला बोट लावायची. सगळं झालं, पण तोंडातून शब्द नाही. रडणं, हसणं, एक लांब "आऽ", एवढंच. मॅडम व्हिडिओवर दर आठवड्याला विचारायच्या, "काही बोलली?" आणि आम्ही नकारार्थी मान हलवायचो. त्या म्हणायच्या, ऐकतेय ना, वाट बघू. पण त्यांच्या बोलण्यातला वाट बघूचा सूर बदलत चाललाय हे मला आता ऐकू यायला लागलं होतं. शिकवताना माझेही कान तयार झाले होते.

त्याच कानांनी सुनेचं कळलं. ती कणीक मळते तेव्हा तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजतात. काही सकाळी वाजत नाहीत. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मनात काही असलं की ती बांगड्या कोपरापर्यंत वर सारते आणि मग मळते. एकाच स्वयंपाकघरात आम्ही इतकी वर्षं पाठीला पाठ लावून काम केलं, आणि ती केव्हा काळजीत असते ते मला तिच्या बांगड्यांनी सांगितलं. अशाच एका सकाळी त्या वाजत नव्हत्या. मी विचारलं, "काय झालं वं?"

तिनं वर पाहिलं नाही. "आत्याबाई, नाईच बोलली तं मंग तिले निवासी शाळेत टाका लागन. गाव सोडून. मले कोनी समजावू नका, चांगली राह्यते ती शाळा, मले माईत हाय. पन एवढी पोट्टी रात्री उठली अन् तिथं मी नसली तं?"

मी मास्तरीण, तशा शाळांमधली हुशार लेकरं मी पाहिलेली आहेत. हातांनी बोलणारी, गणितात आपल्याला हरवणारी. त्यात कमीपणा काही नाही. पण आमच्या बाजूला तशी शाळा नाही. आणि आमच्या घरापासून चार पावलांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथली मधली सुट्टी आमच्या ओट्यावर ऐकू येते. माझ्या नातीनं त्या शाळेत जावं आणि जेवायला घरी यावं, याहून मला काही नको होतं. सुनेच्या हातातली परात ओढून घेतली आणि कणीक मीच मळली.

बाजाराच्या दिवशी एक ओळखीची बाई भेटली. पोरीला चुचकारलं, मशीनकडे बोट केलं आणि म्हणाली, "एवढं डोक्शाले लावलं, अन् पोट्टी मुकीच हाय का अजून?" उचलली जीभ लावली टाळ्याला! मी तिला म्हटलं, "ती आयकून राह्यली बरं, तुमी बोलता ते." बाई वरमली. मी तावातावानं घरी आले आणि ओट्यावर बसून मला रडू आलं, कारण ती ऐकतेय हे मला माहीत होतं, पण त्यातलं काही तिच्यात शिरतंय का, ते नव्हतं.

नागपूरची मोठी तपासणी जवळ आली. सोयाबीन निघायचे दिवस होते. गावाबाहेर कुठेतरी मळणीयंत्र चाललेलं, आमच्याकडे त्याला हडंबा म्हणतात, त्याची घरघर दिवसभर हवेत. शनिवार होता, सुनेला सुट्टी. ती नळावर कपडे धूत होती. मी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसले होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी संप केला होता. ऐक नाही, बोट नाही, पाठ नाही. फार थकले होते. पोरगी बादलीतून तांब्यात पाणी घेऊन कढीपत्त्याला घालायची, परत यायची. तिच्याकडे माझी पाठ होती.

मग माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "बाप्पाऽ."

बारीक, घोगरा, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज. मला वाटलं शेजारीण आली. वळले तर कोणी नाही. पोरगी पायरीवर बसली होती ती उठत होती. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला, कंबर वाकलेली, आणि पुन्हा, "बाप्पाऽ." तांब्या उचलून ती बादलीकडे निघाली.

नळावर सुनेचं कपडे आपटणं थांबलं. मी पाहिलं तर ती हातात पिळलेली साडी घेऊन तशीच उभी. मग ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि ओल्या साडीत तोंड घालून रडायला लागली.

"आत्याबाई, हे तुमचं हाय!"

"माझं काय?"

"हेच. गुडघ्यावर हात ठेवता अन् 'चला बाप्पा' म्हनता. उठतानी. दर खेपे."

"मी? मी कदीच असं म्हनत नाई," मी म्हटलं. वऱ्हाडात 'बाप्पा' गणपतीपुरता नाही हे मला ठाऊक आहे. ओझं उचलताना, कौतुक करताना, हरल्यावर, दमल्यावर, बौद्ध असो की मारवाडी, इथं सगळ्यांच्या तोंडी तो असतो. पण माझ्या तोंडी? मी तर शुद्ध बोलणारी बाई.

आतून आमचे हे ओरडले, "लग्न झाल्यापासून आयकून राह्यलो मी ते!"

मी डाळ निवडायचं सूप बाजूला सारलं, पोरीला समोर घेतलं आणि मास्तरीण झाले. "म्हण बाळा, बाप्पा. बा-प्पा." पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. सुनेनं म्हणून पाहिलं. ह्यांनी चष्मा काढून म्हणून पाहिलं. पोरगी आम्हा तिघांकडे अशी बघत होती की यांना काय झालंय. शेवटी मी म्हटलं, राहू द्या, चहा ठेवते. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझ्या तोंडातून माझ्या नकळत निघालेलं ते माझ्याच कानांनी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"चला बाप्पाऽ."

"बाप्पाऽ," पोरगी म्हणाली, आणि टाळ्या पिटत हसायला लागली.

गावातले सगळे आवाज मी वेचून वेचून तिच्यापुढे मांडले होते. शेठजींचं शटर, जीपवाले, वंदना, कुकर. आणि जो आवाज मी कधी तिला दिला नाही, जो मलाच माहीत नव्हता, तो माझ्या पाठीमागे बसून ती रोज उचलत होती. माझं गुडघेदुखीचं कण्हणं तिनं एवढ्या प्रेमानं जपून ठेवलं होतं. कोणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकलं असेल असं मला वाटत नाही. शाळेत तर नाहीच.

सुनेनं ओल्या हातांनीच मॅडमना व्हिडिओ लावला. त्या कुठेतरी जेवायला बसल्या होत्या, घास हातात तसाच. सून भडाभडा सांगत सुटली. मॅडमनी तिला थांबवलं आणि एकच विचारलं, "हा शब्द तुम्ही कधीपासून शिकवत होता?"

"कोनीच नाई शिकवला, मॅडम. आत्याबाई स्वतःशीच म्हनतात. इच्याशी नाई."

मॅडमनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी डोळे पुसले ते मला स्पष्ट दिसलं.

"आपण सगळे असेच बोलायला शिकलो," त्या म्हणाल्या. "आपल्याला न सांगितलेलं ऐकून. आजी, आता तिला सगळं ऐकू येतंय. यापुढे घरात जरा जपून बोला."

तोंड सांभाळायला मला आजवर पुष्कळांनी सांगितलं आहे. ते ऐकून मी आनंदानं रडले अशी ती एकच वेळ.